घरातल्या साखरेची वंशावळ कशी काढायची, आणि डीएनए रिपोर्ट आला तर तो कसा वाचायचा

माझे वडील बारीक. ५८ किलोच्या वर कधी गेले नाहीत, शेतात राबणारा माणूस, आणि ४१ व्या वर्षी डायबिटीस निघाला. दवाखान्यात जो तो हेच विचारायचा, एवढे बारीक असून तुम्हाला शुगर कशी काय. आम्ही ते नशीब म्हणून सोडून दिलं. मग दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाने लाळ पाठवून डीएनए टेस्ट केली, रिपोर्टात टाइप २ डायबिटीसचा धोका "सर्वसाधारण" आला, तो खुश, त्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं, आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले, आणि चार महिन्यांनी नेहमीच्या तपासणीत त्याची एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.२ आली, म्हणजे डायबिटीसच. वय ३९. वजन असं काही जास्त नाही. त्याचे वडील म्हणजे माझे काका, त्यांना ४४ व्या वर्षी निघालेला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण छापील रिपोर्टापुढे ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलेय. रिपोर्ट खोटा नव्हता हो, पण ज्या लोकांचे डीएनए मोजून तसले धोक्याचे आकडे, म्हणजे स्कोअर, बनतात त्यांत आपल्यासारखे लोक फार कमी असतात. २०१६ साली कोणीतरी जगभरातल्या अशा जनुकीय अभ्यासांची मोजदाद केली तेव्हा त्यात भाग घेतलेल्यांपैकी ८१ टक्के युरोपीय वंशाचे निघाले. युरोपीय लोकांवर तयार केलेला स्कोअर दक्षिण आशियातल्या माणसाला लावला की त्याची अचूकता बरीच घसरते, आफ्रिकी वंशाच्या माणसाला लावला तर आणखीच घसरते. तर माझं म्हणणं एवढंच, की आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात भरवशाची आणि फुकटातली जेनेटिक टेस्ट म्हणजे आत्या, मावशी, मामा यांच्याजवळ बसून काढलेली वंशावळ. ती कशी काढायची ते सांगते, कारण नुसतं "आमच्याकडे शुगर आहे" एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही.

आधी एक कोरा मोठा कागद घ्या, कॅलेंडरचा मागचा भाग उत्तम. पुरुष चौकोन, बाई गोल. शुगर पक्की होती तर पूर्ण काळा, नुसता संशय असेल तर अर्धा. खाली तुम्ही नि तुमची भावंडं, वर आईवडील, त्यांची सगळी भावंडं, त्याच्या वर दोन्हीकडचे आजीआजोबा. दोन्हीकडचे म्हणजे दोन्हीकडचे! आपल्याकडे वंशावळ म्हटली की बापाचीच निघते, भावकीतल्या सात पिढ्या पाठ असतात आणि आजोळच्या पणजीचं नाव सुद्धा ठाऊक नसतं. निम्मी जनुकं तिकडूनच आली आहेत. लग्न मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात झालं असेल तर त्या दोघांमध्ये दुहेरी रेघ मारा, ती पुढे उपयोगाला येते.

आता प्रत्येकाबद्दल विचारायचं, आणि इथेच खरी मेहनत आहे. शुगर कितव्या वर्षी निघाली हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही. मग तुम्हीच खुणा द्या. पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर, म्हणजे १९६१. कोयनेचा भूकंप, १९६७. बहात्तरचा दुष्काळ. किल्लारीचा भूकंप, १९९३. "किल्लारीच्या साली त्यांना गोळ्या चालू होत्या का" असं विचारलं की आत्याला लगेच आठवतं की हो, तेव्हा धाकटीचं लग्न ठरत होतं आणि ते पथ्यावर होते. मला वडिलांच्या काकांचं वय असंच सापडलं.

ज्यांची कधी तपासणीच झाली नाही त्यांच्याबद्दल शुगर होती का असं विचारूच नका, उत्तर "छे, तेव्हा असलं काही नव्हतं" असंच येणार. त्याऐवजी विचारा, रात्री चारचार वेळा उठायचे का, जिथे लघवी केली तिथे मुंग्या जमायच्या का, पायाची जखम चिघळून बोट किंवा पाय काढला होता का, चांगला माणूस खाऊनपिऊन सुकत गेला असं कोण होतं, चाळिशीपन्नाशीतच नजर गेली असं कोण. माझ्या आजोबांच्या भावाचा पाय काट्याने गेला असं घरात सांगतात, नुसत्या काट्याने सहसा पाय जात नाही, ती बहुतेक शुगर असणार. अर्धा चौकोन.

बायकांना बाळंतपणाचं विचारा, दिवस असताना साखर वाढली होती का, चार किलोच्या वरचं बाळ झालं होतं का, पोटात दगावलेलं मूल होतं का. ज्या बाईला गरोदरपणात शुगर होते तिला पुढे टाइप २ चा धोका कितीतरी जास्त असतो, आणि हे बाळंतपण झालं की घरातले सगळे विसरतात. आणि शरीर कसं होतं ते पण लिहा, बारीक होते की स्थूल, पोट होतं का, आणि इन्सुलिनवर किती वर्षांत गेले.

विचारताना सांभाळून. आमच्या आत्या पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, हे लिहून कशाला ठेवतेस, उद्या पोरींच्या सोयरिकी जुळवायच्यात." ही भीती खरी आहे, तिला हसू नका. हा कागद ग्रुपवर टाकायचा नाही, फोटो काढून कोणाला फॉरवर्ड करायचा नाही, आणि ज्याने सांगितलं त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव दुसऱ्या शाखेत सांगायचं नाही. मी आत्यांना तसा शब्द दिला तेव्हा त्या बोलल्या, आणि मग दोन तास बोलतच राहिल्या.

कागद भरला की तो वाचायचा कसा?

बहुतेक घरांत काळे चौकोन-गोल दोन्हीकडे विखुरलेले दिसतील, चाळिशी पन्नाशीत निघालेले. हा नेहमीचा टाइप २, शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात. यातलं सगळ्यात जोरदार जनुक टीसीएफ७एल२, ते २००६ मध्ये आइसलँडच्या लोकांत सापडलं, आणि २००७ मध्ये हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि पुण्याचं केईएम हॉस्पिटल यांनी ते आपल्या लोकांतही तितकंच धोक्याचं आहे हे दाखवलं. पण सगळ्यात जोरदार म्हणजे तरी किती, तर त्याच्या धोक्याच्या रूपाच्या एका प्रतीमागे (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची) धोका साधारण दीडपटीच्या आतच वाढतो. त्यामुळे हे धोक्याचं रूप "नाही" आलं म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. २०११ मध्ये दक्षिण आशियाई लोकांवरच मोठा अभ्यास झाला तेव्हा डीएनएमधल्या आणखी सहा जागा सापडल्या ज्या तोवर युरोपीय लोकांवरच्या अभ्यासांत दिसल्या नव्हत्या, जीआरबी१४ वगैरे. म्हणजे आपल्यात शोधलं तर सापडतं, शोधायला पाहिजे एवढंच.

दुसरा नमुना, ओळीने तीन पिढ्या, एकाच बाजूने, आणि सगळ्यांना पंचविशी-तिशीच्या आत, बारीक अंगाचे. इथे एकाच जनुकाने होणारा डायबिटीस असू शकतो, त्याला मोडी म्हणतात (आपल्या मोडी लिपीशी काही संबंध नाही). यात आईबापातल्या एकाला असला की प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. हे ओळखणं फार मोलाचं, कारण एचएनएफ१ए जनुकाचा प्रकार असेल तर पुष्कळ जणांना इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरिया गटाच्या साध्या स्वस्त गोळ्या पुरतात, आणि जीसीके जनुकाचा असेल तर साखर जन्मभर किंचित वर राहते आणि गरोदरपण सोडलं तर बहुतेकांना औषधच लागत नाही. पण थांबा, आपल्याकडे एक घोळ आहे. तरुण आणि बारीक म्हणजे मोडी हा अंदाज गोऱ्या लोकांच्या हिशेबाने बसवलेला, इंग्लंडच्या एक्सिटरमध्ये बनलेला प्रसिद्ध मोडी कॅल्क्युलेटर सुद्धा गोऱ्या युरोपीय पेशंटांवरच तयार झालाय. आपल्यात साधा टाइप २ च तिशीत आणि बारीक माणसाला होतो, त्यामुळे नुसत्या अंदाजावर महागडी जनुक तपासणी करू नका, आधी डॉक्टरांना सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते) आणि जीएडी अँटिबॉडी (टाइप १ ची खूण) या रक्ताच्या तपासण्या करायच्या का ते विचारा. आणि कोणाचंही चालू इन्सुलिन या लेखावरून बंद करू नका, टाइप १, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही तो प्रकार, असेल तर जीव जाईल.

तिसरा नमुना दुर्मिळ पण कागदावर चटकन दिसतो. शुगर फक्त आईकडून उतरतेय, आईच्या सगळ्या मुलांत कमीजास्त आहे पण तिच्या मुलग्यांच्या पोरांत अजिबात नाही, आणि त्याच लोकांना कमी ऐकू येतं. हा मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघराचा) दोष असू शकतो, तो फक्त आईच देते. म्हणून तर म्हातारपणाचा बहिरेपणा म्हणत सोडून दिलेल्या गोष्टीही विचारायच्या.

आता ग्रीनलंडचं सांगते, कारण तिथल्या गोष्टीमुळेच मला कळलं की कोणती टेस्ट करायची हे सुद्धा जनुकावर अवलंबून असतं. २०१४ मध्ये तिथल्या लोकांत टीबीसी१डी४ नावाच्या जनुकातला एक दोष सापडला, तो तिथे इतका पसरलेला की तिथल्या या जनुकाच्या दर १०० प्रतींमधल्या १७ प्रती सदोष, आणि बाकी जगात जवळपास नाहीच. आईकडून आणि बापाकडून दोन्ही प्रती सदोष आल्या तर डायबिटीसचा धोका सुमारे दहापट. आणि गंमत बघा, यात जेवणानंतर स्नायू साखर ओढून घेत नाहीत, त्यामुळे दोन तासांची साखर चढते पण उपाशीपोटीची नॉर्मल दिसते. फक्त सकाळची उपाशीपोटी साखर बघितली तर त्यातले कितीतरी लोक सुटून जातात. तो दोष आपल्यात नाही, पण घरात शुगर असेल तर नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर थांबू नका हे आपल्यालाही लागू आहे. आणि नात्यातल्या लग्नाची दुहेरी रेघ का मारायची ते पण यातून कळेल, एकच दुर्मिळ दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता तिथे वाढते.

अशी उदाहरणं आणखी आहेत. मेक्सिकोच्या लोकांत एसएलसी१६ए११ जनुकाचं एक रूप सापडलं जे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत या जनुकाच्या साधारण निम्म्या प्रतींत आढळतं, युरोपात दुर्मिळ, आणि ते निअँडरथल माणसाकडून आलंय. सामोआ बेटांवर २०१६ मध्ये सीआरईबीआरएफ जनुकाचं असं रूप मिळालं की त्याने वजन वाढतं पण डायबिटीसचा धोका उलट कमी होतो. जाड म्हणजे शुगर आणि बारीक म्हणजे सुटलो, हे गणित किती कच्चं आहे बघा.

तर टेस्ट कोणती? घरात पहिल्या नात्यात (आईवडील, भावंडं, मुलं) कोणाला शुगर असेल तर तिशीनंतर, नाहीतर ज्याला सगळ्यात लहान वयात निघाली त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा सुरू करा, हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबिटीस (डायबिटीसचा उंबरठा), १२६ पासून डायबिटीस. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी, १४० ते १९९ प्रीडायबिटीस, २०० पासून डायबिटीस. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आणि ६.५ पासून. त्रास काही नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात.

एचबीएवनसी सगळ्यांना आवडते कारण उपाशी राहावं लागत नाही, पण तिथेही जनुक आडवं येतं आणि हे फार कमी लोकांना सांगितलं जातं. ही तपासणी तांबड्या पेशीला चिकटलेली साखर मोजते, पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून ती तीनेक महिन्यांचा हिशेब देते. पेशी लवकर मरत असेल तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर २०१७ मध्ये असा अभ्यास झाला, जी६पीडी (तांबड्या पेशीला जपणाऱ्या) जनुकाचं एक रूप असलेल्या पुरुषांत तेवढ्याच साखरेला एचबीएवनसी सुमारे ०.८ ने कमी येते. म्हणजे खरा ६.५ वाला ५.७ दाखवून घरी जातो. आपल्याकडे जी६पीडीची कमतरता पारशी समाजात आणि बऱ्याच आदिवासी समाजांत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल (हाही तांबड्या पेशींचाच आनुवंशिक आजार) आहे, सिंधी आणि इतर काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच. अशा घरांत एचबीएवनसीवर एकट्यावर विश्वास ठेवू नका, ग्लुकोजची दोन तासांची टेस्ट मागा. आणि उलट, लोह कमी असलेल्या बाईत आकडा खोटा जास्त येऊ शकतो, त्यामुळे हिमोग्लोबिनही सोबत बघा.

टेस्टच्या आधी घरबसल्या एक स्कोअर काढा. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये भारतीयांवरच बनवलेला आहे, टेलरचा टेप पुरतो. वय ३५ च्या आत शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नासच्या पुढे ३०. कंबर, बाईची ८० सेंमीच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत तर शून्य, त्याच्या वर दहा सेंमीपर्यंत १०, त्याहून जास्त २०. व्यायाम आणि अंगमेहनत दोन्ही असेल तर शून्य, एकच असेल तर २०, दोन्ही नाही तर ३०. आईबापातल्या एकाला शुगर तर १०, दोघांना २०. बेरीज ६० किंवा वर म्हणजे जास्त धोका. माझ्या त्या चुलतभावाचा काढला, वयाचे २०, कंबर ८८ म्हणून शून्य, दिवसभर लॅपटॉपपुढे म्हणून ३०, काकांचे १०. साठ! लाळ पाठवायची गरजच नव्हती.

परदेशात असाल तर आणखी एक. तिथला डॉक्टर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या आत आहे म्हणून टेस्ट टाळत असेल तर त्याला सांगा की आशियाई वंशाच्या माणसासाठी २३ ची रेघ आहे, अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने ती २०१५ पासून धरलीय. आपल्याला कमी वजनातही शुगर का होते याचं एक कारण पुण्याजवळच्या खेड्यांत दिसलं. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून सहा गावांतल्या आया आणि बाळं बघितली, आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची, पण आपल्या बाळात कमी पडतात ते स्नायू, चरबी टिकून राहते. बारीक दिसणारं पण आतून चरबीचं शरीर, जन्मापासून. म्हणून वंशावळीत जन्माचं वजन आणि आईची तेव्हाची उपासमार पण लिहा, ते सगळं जनुकात नसतं पण घराण्यातच असतं.

कोणाकडे डीएनए रिपोर्ट आलाच असेल तर कंपनीला तीन गोष्टी विचारा. हा स्कोअर किती दक्षिण आशियाई लोकांवर तपासलाय? "सर्वसाधारण" म्हणजे कोणाच्या सरासरीच्या मानाने, कारण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के लोकांना डायबिटीस निघाला, तिथे सर्वसाधारण असणं म्हणजे काही सुखाची गोष्ट नाही. आणि तिसरं, स्कोअरमध्ये कंबर, वय, आईवडील धरलेत की नुसता डीएनए. उत्तर गोलमोल आलं तर रिपोर्ट फाईलला लावा आणि वंशावळीवर चाला.

एक मात्र करू नका, अमक्या जातीत शुगर जास्त असं बोलू नका. आपण पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं केली त्यामुळे काही दुर्मिळ दोष काही समूहांत साठलेत हे खरं, २०१७ मध्ये सीसीएमबी आणि हार्वर्डच्या लोकांनी २६० च्या वर समूह तपासले त्यांतले ८१ असे निघाले. पण डायबिटीसचं कोणतं जनुक कोणत्या समूहात याचा शोध आत्ता कुठे सुरू झालाय. जिनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांचे जिनोम (संपूर्ण डीएनए) वाचून २०२५ च्या जानेवारीत ते फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुले केले, त्यावर काम होईल. कधी एखाद्या सरकारी संस्थेचा किंवा मेडिकल कॉलेजचा अभ्यास तुमच्या गावात आला आणि संमतीपत्र नीट वाचून पटलं तर जरूर रक्त द्या, आपण मोजले गेलो तरच पुढच्यांचे रिपोर्ट सुधारतील.

आणि कागद काळा भरला म्हणून हातपाय गाळू नका. चेन्नईत प्रीडायबिटीस असलेल्या ५३१ लोकांना तीन वर्षं बघितलं, ज्यांनी खाणं आणि चालणं बदललं त्यांच्यात डायबिटीस होण्याचं प्रमाण काही न बदललेल्यांच्या मानाने २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि वजन फारसं उतरलं नव्हतं तरी. माझ्या वडिलांसारख्या बारीक घराण्याला हे कळणं फार गरजेचं आहे, कारण त्यांना वजन कमी करा हा सल्ला लागूच पडत नाही.

कागदाची एक प्रत डॉक्टरांकडच्या फाईलमध्ये ठेवा, एक घरात. दर दिवाळीला नवी नावं, नवी वयं भरा. आमच्या कागदावर तीन गोल अजून कोरे आहेत, तिघी आजोळकडच्या, एक मावसआजी सांगलीला असते, ती ८४ ची आहे. मे महिन्यात तिच्याकडे जाणार आहे, आधी तिलाच विचारायचं ठरवलंय.